ठेवीतलं जनावर

२ सप्टेंबर २००७, रविवार

साप घरी आणला. लिहून बघितलं तरी खरं वाटत नाही.

फ्रँकच्या निरोपाचं जेवण होतं, गुडगावला. माझा बॉस. तीन वर्षं इथे होता, मंगळवारी सगळं कुटुंब परत चाललंय. पप्पांना एकटं ठेवायचं नव्हतं म्हणून सोबत नेलं. वाटलं, कोपऱ्यात बसतील आणि चार वाजता 'निघायचं का' विचारतील. तर फ्रँकच्या मुलीनं तिचा साप दाखवला आणि पप्पा समोर खुर्ची ओढून तासभर बसले. काय खातो, किती वर्षं जगतो, विष नाही हे कशावरून, थंडीत काय करता. इंग्रजी थेट बँकेच्या पत्रातलं, प्रत्येक वाक्याला 'काइंडली'. फेब्रुवारीत आई गेली, तेव्हापासून मी त्यांना एवढं बोलताना ऐकलेलं नाही.

मुलगी रडवेली. साप नेता येत नाही, घ्यायला कुणी तयार नाही. पप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी हो म्हणाले. मी हल्ली पटकन हो म्हणते, नाही म्हणायला जास्त बोलावं लागतं.

कॉर्न स्नेक म्हणतात. नारिंगी, साडेतीन फूट, बिनविषारी. नाव पम्पकिन. पप्पांचा शेवटचा प्रश्न, "याचे कागद?" परवाना, डॉक्टरचा दाखला, सगळी फाइल मिळाली. ती काखेत मारूनच ते गाडीत बसले. काचेची टाकी माझ्या मांडीवर. ड्रायव्हरला सांगितलं, मासे आहेत.

५ सप्टें.

सुहासदादाचा फो., पुण्याहून. तोच विषय.

"नीलू, तू सकाळी आठला घर सोडतेस, संध्याकाळी आठला येतेस. बारा तास ते एकटे. ऑगस्टमध्ये गॅस चालू राहिला, ते दुधाला गेले आणि भलत्याच सोसायटीत शिरून चौथ्या मजल्याची बेल वाजवत बसले. पुढच्या वेळी काय होईल?"

मी म्हटलं, आमच्या या द्वारका उपनगरात सगळ्या सोसायट्या सारख्याच दिसतात, मीसुद्धा चुकते. हे खरं आहे. आणि हे उत्तर नाही, हेही मला माहीत आहे.

ठरलं ते असं: दादा नाताळला येणार. तोवर पप्पा दिवसभर नीट एकटे राहू शकतात असं दिसलं, तर इथेच राहतील. नाहीतर तो त्यांना घेऊन जाणार. त्याच्या घरी नाही, तिथे वहिनीची आई आधीच आहे. चर्चतर्फे चालवतात त्या वृद्धाश्रमात. नाव लावून ठेवलंय म्हणे. पुण्याचं आपलं घर विकून सहा महिने झाले, नाहीतर...

पप्पांना मी काही सांगितलं नाही. पण हॉलमध्ये बसून त्यांनी माझी बाजू सगळी ऐकली होती. जेवताना म्हणाले, "मला कुठे ठेवायचं ते तुम्ही दोघं ठरवा. फक्त मला आधी सांगा."

सापाचं दादाला सांगितलेलं नाही.

८ सप्टें., शनि.

सकाळी टाकी रिकामी! झाकणावर पप्पांनी दोन जाड शब्दकोश ठेवले होते. एक खाली पडलेला.

पलंगाखाली, पडद्यांमागे, बुटांत, कमोडमध्येसुद्धा बॅटरी मारून बघितलं. नऊ वाजता शेजारच्या बाई वाटी घेऊन साखर मागायला आल्या. दारात उभं राहून मी अर्धा किलोची पिशवीच दिली, आत येऊ नयेत म्हणून. शेवटी पप्पा म्हणाले, "गार जागा सोड. उबेची जागा बघ." फ्रिजच्या मागे, मोटारीवर वेटोळं करून साहेब निवांत.

मग भांडण. झाकणाची क्लिप तू लावली नाहीस, पप्पा. नाही, रात्री पाणी तू बदललंस. कुणी लावली नाही, दोघांनाही आठवेना. माझं न आठवणं म्हणजे थकवा आणि त्यांचं न आठवणं म्हणजे दादाला सांगायची गोष्ट. हा कुठला न्याय?

९ सप्टें.

सकाळपासून पप्पा आखीव कागदावर रेघा मारत होते. दुपारी मला बोलावून समोर बसवलं.

लाकडी पेटी, चार फूट बाय दोन बाय दोन. पुढे काचेचं दार. दाराला दोन कड्या, दोन कुलपं, दोन वेगळ्या चाव्या. एक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. एकट्याला पेटी उघडताच येणार नाही.

"स्ट्राँगरूम अशीच असते," म्हणाले. "जॉइंट कस्टडी. मग कुणी कुणावर ढकलायचं नाही. उघडली तर दोघांनी, बंद केली तर दोघांनी."

हेड कॅशियर म्हणून रिटायर झाले, तेवीस वर्षं एक चावी करगोट्याला बांधून काढली. आई म्हणायची, हा माणूस आधी चावीचा आणि मग माझा. मला हसू आलं. त्यांना नाही आलं. सापाला पम्पकिन म्हणायलाही तयार नाहीत. "ती दुसऱ्याची ठेव आहे. ठेवीला नाव नसतं, नंबर असतो." तेव्हापासून त्यांच्या तोंडी तो 'ठेव'.

१६ सप्टें., रवि.

पालम गावातून रामफल मिस्त्री आला. त्याला वाटलं शोकेस करायची आहे.

"बाबूजी, शीशे सरकनेवाले लगा दूँगा, बीच में शोकेस का ताला। एकदम सुंदर।"

"सरकनेवाला नहीं," पप्पा म्हणाले. "दो शीशे के बीच में जगह रहती है।"

"जगह तो उंगली जितनी भी नहीं रहती जी।"

"उसको उंगली जितनी जगह नहीं लगती।"

"किसको?"

पप्पांनी त्याला आत नेऊन दाखवलं. मिस्त्री बाहेर आला तो टेप गळ्यात टाकून थेट लिफ्टकडे. मी खाली जाऊन, विनवण्या करून परत आणलं. पेटी तो खाली पार्किंगमध्ये करणार, वर पाऊल टाकणार नाही. चलो, तेही चालेल.

२३ सप्टें.

पेटी वर आली. मिस्त्रीनं दारापर्यंत पोचवली, पुढे मी आणि सोसायटीचा गार्ड. गार्डला सांगितलं, पुस्तकांचं कपाट.

पप्पांनी आज दिवसभर तपासणी केली. पेन्सिल घेऊन प्रत्येक सांधा. जिथे पेन्सिलचं टोक शिरेल ती जागा नापास. सात जागा नापास झाल्या. मग पडदे बंद करून पेटीत पेटती बॅटरी ठेवली आणि बाहेरून गुडघ्यांवर बसून उजेड कुठून येतो ते बघितलं. आणखी दोन. हवेच्या भोकांना बारीक स्टीलची जाळी, ती खिळ्यांनी नाही, स्क्रूनं, कडेला लाकडी पट्टी. तळाला वर्तमानपत्र. दोन मातीची मडकी आडवी, एक उबेच्या बाजूला, एक गार बाजूला, म्हणजे लपायला कुठेही गेला तरी निवड त्याची. पाण्याला आईचा जड दगडी खल, उलटायला नको म्हणून. बल्बला तारेचा पिंजरा, अंग भाजू नये म्हणून. उष्णता सांभाळायला कोंबड्यांच्या उबवणीचं यंत्र विकणाऱ्याकडून आणलेला थर्मोस्टॅट. हे सगळं त्यांनी फो.वर विचारून, स्वतः हिंडून केलं. एकदाही रस्ता चुकले नाहीत. मी मोजत होते. मोजते याची लाजही वाटते.

संध्याकाळी ठेव आत गेली. दोन पितळी कुलपं. त्यांची चावी त्यांच्या करगोट्याला, माझी पर्समध्ये. आणि रजिस्टर! तारीख, वेळ, कारण, सही, सही. उघडायचे दिवस बुधवार, शनिवार.

३० सप्टें., रवि.

शीला आणि तिचा नवरा जेवायला आले, पानिपतहून. शीला पप्पांची भाची, नवरा तिथे चादरींच्या एक्स्पोर्टमध्ये. साप बघून शीला सोफ्यावर पाय वर घेऊन जेवली.

पप्पांनी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं, हे नंतर कळलं. कुलपांच्या जादा चाव्या घरात ठेवायच्या नाहीत, नियम आहे. डुप्लिकेट दुसऱ्या शाखेत, सीलबंद.

"आपली दुसरी शाखा कुठे आहे पप्पा?"

"पानिपत."

मला ऑफिसचा फो. आला होता, रविवारीसुद्धा, सर्व्हर पडला म्हणून. खांद्यावर फोन धरून उभी. पप्पांनी खाकी पाकीट पुढे केलं, "बघ आणि सही कर." मी सही केली. त्यांनी मेणबत्तीवर लाख वितळवून सील मारलं, आईच्या अंगठीचा ठसा. बँकेतून आणलेली लाख अजून जपून ठेवली होती. शीलानं पाकीट पर्समध्ये टाकलं. जाताना माझ्या कानात, "मामा बरे आहेत ना गं?" एकदम बरे, म्हटलं.

१३ ऑक्टो.

बरे आहेतच. या महिन्यात तर माझ्यापेक्षा बरे. सकाळ-संध्याकाळ पेटीचं तापमान लिहितात. बर्फातले उंदीर ठेवायला जुना छोटा फ्रिज आणला, त्यावर चिठ्ठी: 'ठेवीचे खाद्य. इतरांनी हात लावू नये.' इतर म्हणजे मी.

आज शनिवार. दोघांनी कुलपं काढली. ठेवीनं उंदीर घेतला, पप्पांनी घड्याळ लावून वेळ लिहिली. मग म्हणाले, "तुझ्या आईला आवडलं नसतं." थोड्या वेळानं, "पण तिनं खल दिला असता." माझे डोळे भरून आले, मी पाणी बदलायच्या निमित्तानं उठले.

दादाला आज साप सांगून टाकला. त्यानं आधी साप किती लांब ते विचारलं. मग, "तुम्ही दोघंही ठीक आहात ना?"

७ नोव्हें.

नव्या प्रोजेक्टनं नाकी नऊ आणलेत. सात बुधवारांपैकी चार चुकवले. घरी पोचते तेव्हा पप्पा हॉलमध्ये चावी हातात घेऊन बसलेले. "उशीर झाला. आज नको." रजिस्टरमध्ये लिहितात: 'दुसरा अधिकारी अनुपस्थित.' अनुपस्थित मी. चार वेळा.

रागही येतो. दिवसभर मीटिंगमध्ये उत्तरं द्यायची आणि घरी आलं की सापाच्या रजिस्टरात शेरा.

२१ नोव्हें.

थंडी पडली. दिवसाकाठी तीनदा लाइट जाते. पप्पांनी इलेक्ट्रिशियन बोलावून बल्ब इन्व्हर्टरवर घेतला, त्याबदल्यात माझ्या खोलीतला पंखा काढला. थंडीत पंखा कशाला, म्हणाले. बरोबर आहे.

संध्याकाळी मला 'सुमन' म्हणून हाक मारली. आईचं नाव. दोनदा. मी ओ दिली. दुरुस्त करायचं बळ नव्हतं.

हे दादाला सांगायचं की नाही?

नाही सांगितलं.

५ डिसें., बुध.

चुकला. प्रोजेक्टचं रिलीज होतं. सव्वानऊला पोचले. पप्पा झोपले होते.

८ डिसें., शनि.

सकाळी मी चावी काढून उभी राहिले. पप्पा पेपर वाचत होते, मान वर न करता, "आज नको. डोळे निळसर झालेत त्याचे. कात टाकणार आहे. या दिवसांत हात लावायचा नसतो."

बघितलं तर खरंच डोळे निळसर. किती लक्ष आहे यांचं. मला तर आनंदच झाला, अर्धा तास झोप मिळाली.

१२ डिसें., बुध.

परत मी अनुपस्थित. दादाचं तिकीट आलं. बावीसला सकाळी पोचतोय.

१५ डिसें., शनि.

कात पूर्ण निघाली आहे, काचेतून दिसते, मडक्यापाशी. मी म्हटलं, चला, आज उघडू, साफ करू. पप्पा म्हणाले, आज थंडी आहे. मी म्हटलं, हीटर लावते. म्हणाले, शनिवारी नको. पप्पा, आजवर शनिवारीच तर उघडत आलो. मग म्हणाले, आंघोळ झाली नाही. आंघोळ झाली तर म्हणाले, कंबर दुखते.

मी रजिस्टर बघितलं. शेवटची नोंद १ डिसेंबर. दोन आठवडे! आणि खलातलं पाणी...

पाणी होतं. काठोकाठ. मला काही समजेना. पेटी उघडल्याशिवाय पाणी कुठून आलं?

पप्पांच्या कपाटाशेजारी फडक्याखाली सलाइनची नळी सापडली, केमिस्टकडची. तोंडाला छोटं नरसाळं. वरच्या जाळीच्या एका कोपऱ्याची पट्टी काढून, नळी खाली खलापर्यंत सोडून, ते रोज पाणी घालत होते. पट्टी रोज परत स्क्रूनं बसवत होते. भोक पेन्सिलीएवढंसुद्धा उघडं ठेवलेलं नाही.

मी विचारलं, "पप्पा, चावी कुठे आहे?"

"माझ्याकडे आहे."

"दाखवा."

त्यांनी हात कमरेशी नेला आणि तिथेच धरून ठेवला. "तीन तारखेपासून नाही," म्हणाले. "सगळीकडे शोधलं. तुझ्या पर्समध्येसुद्धा शोधलं, माफ कर."

बारा दिवस हा माणूस एकटा शोधत होता. आणि मी झोप मिळाली म्हणून खूश.

मी म्हटलं, करवत आणते, कुलूप दोन मिनिटांत कापते. त्यांनी माझं मनगट धरलं. "स्ट्राँगरूम फोडत नाहीत नीलू. डुप्लिकेट आणतात. त्यासाठीच ठेवलेली असते." आणि मग, अगदी हळू, "सुहास यायच्या आत."

कुलूप कापलं तर साप सुटेल असं नाही, नवं कुलूप लावता येईल. पण तुटकं कुलूप दादाला दिसेल आणि पप्पांना ते आयुष्यभर दिसत राहील. उद्या पानिपत.

१६ डिसें., रवि.

सकाळी सातला निघाले, द्वारकेहून मेट्रोनं कश्मीरी गेट, तिथून हरियाणा रोडवेज. सगळीकडे धुकं. शेजारच्या ताई मध्ये दोनदा पप्पांकडे डोकावतील असं सांगून आले. साखरेची परतफेड.

शीलानं दार उघडलं आणि आधी हसली. "पानिपतला मराठी माणूस हरायलाच येतो, तू कशाला आलीस?" पाकीट तिनं लॉकरमध्ये ठेवलं होतं, साड्यांच्याही खाली. "मला वाटलं मामांचं मृत्युपत्र आहे. इतकं सील वगैरे. मी यांनासुद्धा हात लावू दिला नाही." जेवू घातलं, दोन चादरी बांधून दिल्या. "मामा बरे आहेत ना गं?" या वेळी मी चादरींची गाठ पुन्हा बांधत बसले. तिनं पुन्हा विचारलं नाही.

परतताना बस मुरथलच्या अलीकडे तासभर उभी. पाकीट मांडीवर. सहज बोटांनी चाचपलं. चाव्या मोठ्या लागल्या. कुलपाच्या चाव्या करंगळीएवढ्या आहेत. या लांब, जाड.

सील तोडलं.

पुण्याच्या घराच्या चाव्या. पुढच्या दाराची आणि मागच्या गॅलरीची. लाल प्लास्टिकचा बिल्ला, त्यावर आईच्या अक्षरात 'घर'.

सप्टेंबरमध्ये, जेव्हा ते इतके बरे होते, पेन्सिलनं सांधे तपासत होते, तेव्हाच हे झालं होतं. आणि पाकिटावर सही कुणाची? दोन सह्या. एक त्यांची, एक माझी. 'बघ आणि सही कर' म्हणाले होते. मी बघितलं नाही.

बसमध्ये रडले. शेजारच्या बाईनं विचारलं, "कोई गुज़र गया क्या?" मी नाही म्हणाले.

मग आठवलं. पुण्याच्या चाव्या कुठे असायच्या? आमच्या दारामागच्या खिळ्यावर. मार्चपासून टांगलेल्या. घर विकलं, नव्या लोकांनी कुलपं बदलली, या चाव्या कुणी परत मागितल्या नाहीत.

साडेपाचला पोचले. पप्पा खिडकीशी. ते वळायच्या आत दारामागे हात घातला. खिळ्यावर दोन छोट्या पितळी चाव्या, सुतळीत. अडीच महिने मी रोज तिथून पर्स उचलून गेले आहे.

पुण्याच्या चाव्या खिळ्यावर अडकवल्या, छोट्या पाकिटात टाकल्या आणि हॉलमध्ये जाऊन म्हटलं, "आणल्या."

पप्पांनी पाकीट घेतलं. चाव्यांकडे बघितलंच नाही. सील बघितलं.

"कुणी तोडलं?"

"मी. बसमध्ये. बघावं म्हटलं..."

"सील दोघांसमोर तोडायचं असतं," एवढंच म्हणाले. मग उठले, दारापर्यंत गेले, खिळ्याकडे बघितलं. लाल बिल्ला अजून हलत होता. हात लावून तो थांबवला.

परत आले. "चल, उघडू."

त्यांचं कुलूप, माझं कुलूप. मी मडकी काढली, ठेव माझ्या मनगटाला वेढा घालून बसली. नवी कात एकदम झळझळीत. पप्पांनी जुनी कात उचलून उजेडात धरून शेपटीपर्यंत तपासली, कुठे तुकडा अंगाला राहिला का. अखंड होती. उंदीर दिला, घेतला. कुलपं. वेळ ६.२०. सही, सही.



१७ डिसें.

रजा टाकली. दोन वर्षांत पहिल्यांदा. कारण विचारलं तर 'घरचं' एवढंच लिहिलं.

चहाच्या वेळी मी म्हटलं, "पप्पा, मला वाटतं तुम्ही पुण्याच्या चाव्या मुद्दाम पाकिटात ठेवल्या. सगळ्यात जपायची वस्तू म्हणून. हो ना?"

दादाला हेच सांगायचं, असं मी रात्रभर ठरवलं होतं.

त्यांनी कप खाली ठेवला. "नाही. चूक झाली. मला वाटलं त्याच चाव्या आहेत. हातात घेतल्या, पाकिटात टाकल्या, आणि मला दिसलंच नाही." मग, "चुकीला कारण जोडायचं नाही. चूक झाली की चूक लिहायची. नाहीतर पुढच्या माणसाला काय कळणार?"

रजिस्टर आणलं. स्वतः लिहिलं: 'दि. ३०/९. डुप्लिकेटच्या जागी अन्य चाव्या सील झाल्या. चूक माझी.' सही. मग वही माझ्याकडे सरकवली.

मी खाली लिहिलं: 'न बघता सही केली. चूक माझी.'

त्यांनी वाचलं, मान हलवली. मला बरं वाटलं, कितीतरी महिन्यांनी. आणि भीतीही वाटली, कारण आता ते कागदावर आहे आणि दादा कागद वाचतो.

१९ डिसें., बुध.

लवकर आले, साडेसहाला. उपस्थित. उघडली, साफ केली.

पप्पांची हरवलेली चावी मिळालेली नाही. शोधायचं आम्ही दोघांनी बंद केलंय. आता डुप्लिकेटच करगोट्याला.

२१ डिसें., शुक्र.

करंज्या तळत होते. आईच्या प्रमाणानं, फसल्या, तरी केल्या. पप्पा बाजूला स्टुलावर बसून कडा दाबत होते.

म्हणाले, "एकट्याच्या ताब्यात स्ट्राँगरूम देत नाहीत. का, माहीत आहे? तो चोर असतो म्हणून नाही. तो माणूस असतो म्हणून." मग दोन करंज्या झाल्यावर, "मी दिवसाचे बारा तास एकट्याच्या ताब्यात आहे नीलू. ते नियमात बसत नाही. सुहास चुकीचं बोलत नाही."

"मग? जाणार तुम्ही?"

"ते मी नाही म्हणालो. दुसरा माणूस पाहिजे, एवढं म्हणालो. कुठला, कुठे, ते तुम्ही ठरवा. मला आधी सांगा."

दिवसभरासाठी बाई ठेवता येईल. ऑफिसात बोलून दोन दिवस लवकर सुटता येईल. की येईल, असं मी नुसतंच म्हणतेय? इतके बुधवार चुकवलेली मीच ना.

मला त्यांनी जायला नको आहे. हे इथे लिहून ठेवते. उद्या दादासमोर तोंडातून निघेल की नाही, माहीत नाही.

२२ डिसें., शनि.

दादाची गाडी धुक्यामुळे पाच तास लेट. त्याचा मेसेज: मथुरेच्या अलीकडे उभे आहोत.

पप्पा पहाटेच तयार. दाढी, कोट, बूट. पेटीसमोर खुर्चीवर. मला वाटलं, दादासाठी. जवळ गेले तर रजिस्टर मांडीवर उघडं. अक्षर नेहमीचं, उभं, स्वच्छ:

'दि. २२/१२. चावी क्र. १ चा चार्ज दिला.' सही.

खाली, पट्टीनं मारलेल्या रेघेवर: 'चार्ज घेतला.' पुढे जागा रिकामी.

वहीवर चावी. सुतळीसकट.

"दोन्ही तुझ्याकडे ठेव," म्हणाले.

"मग जॉइंट कस्टडी कुठे राहिली पप्पा?"

पेटीत ठेव मडक्यातून डोकं बाहेर काढून आमच्याकडे बघत होती. पप्पांनी काचेवर बोटानं दार घट्ट आहे ना ते दाबून बघितलं, आणि मग बूट न काढताच पलंगावर आडवे झाले. आता घोरतायत.

चावी माझ्यासमोर टेबलावर आहे. पेनही आहे. आज शनिवार, उघडायचा दिवस. सही केली तर आज मी एकटी उघडू शकते.

साडेअकरा. दादाचा दुसरा मेसेज: गाडी सुटली, दोनपर्यंत पोचतो.

सही केलेली नाही. पप्पा उठायची वाट बघतेय.